तिसऱ्या पायरीवरचा तिसरा

औषधाला अजून नाव नाही.
दोन अक्षरं, चार आकडे,
आणि उजेड सोसत नाही म्हणून पिशवीवर तपकिरी खोळ.

विनिपेगला जानेवारीत उशिरा उजाडतं.
सव्वासातला मी ओरेस्ट ह्रिंचुकच्या दंडाशी बसले,
शून्य मिनिटाची नळी भरली,
मग पाच, पंधरा, तीस,
मग तास, दोन तास, चार, आठ.
"लुर्द, तू रक्त काढतेस की बस पकडतेस?"

एकतीस वर्षं तो धान्य तपासायचा.
मालगाडीच्या डब्यातला मूठभर गहू काळ्या थाळीत पसरायचा,
चिमट्यानं बाजूला काढायचा
गोठलेला, बुरशी धरलेला, कोंब फुटलेला दाणा,
आणि त्या मुठीवरून अख्ख्या डब्याची प्रत ठरायची.
शितावरून भात.
म्हणून बोन मॅरोचा रिपोर्ट त्याला कुणाला समजवावा लागला नाही.
त्यानं एवढंच विचारलं, शंभरात किती?
बासष्ट.
"हे मी गुरांनासुद्धा घालू दिलं नसतं."

त्याआधी दोन केमो होऊन गेल्या होत्या,
बहिणीच्या पेशीही.
झाडून घेतलेल्या घरात आजार
किल्ली असल्यासारखा परत आला होता.

संमतीपत्र बावीस पानी.
अकराव्या पानावर: या अभ्यासाचा हेतू
तुम्हाला बरं करणं हा नाही.
किती सोसतं, ते बघणं हा आहे.
डॉक्टर ओयेलारननी ती ओळ दोनदा वाचली,
दुसऱ्यांदा आवाज खाली गेला.
ओरेस्टनं पेन मागितलं.

प्रत्येक पायरीवर तिघं.
तिघांनी सोसलं तर पुढच्या तिघांना जास्त.
पहिली होती शाळेची बस चालवणारी,
दुसरा सेंट बोनिफेसचा सुतार,
त्याचं तोंड आतून सोलून निघालं,
पण दुसऱ्या प्रतीचं. म्हणजे चालतं.
(त्रासालाही इथे प्रत असते.)
तिसरा ओरेस्ट.
आणि फोनच्या पलीकडे, वर नॉर्वे हाउसला,
केंद्रा बेअर्डी, वय एकोणीस.
तिची आई दर सोमवारी विचारायची, जागा झाली का?
मी म्हणायचे, अजून एकाचे अठ्ठावीस दिवस व्हायचेत.
नाव सांगायचं नसतं.

त्यालाही तिचं सांगायचं नव्हतं.
पण तिसऱ्या आठवड्यात, दात कडकड वाजत असताना,
त्यानंच विचारलं, "माझ्या मागे रांगेत कुणी आहे ना?"
मी थर्मामीटर पुसत राहिले.
"मग लिही, ठीक आहे."
मी जे आहे तेच लिहिते, ओरेस्ट.
"मीपण तेच लिहायचो." मग डोळे मिटून, बऱ्याच वेळानं,
"एकदा डॉफिनच्या एका बाईचा गहू होता.
एक दाणा मी खिशात टाकला."

मी लिहिलं: एकोणचाळीस पूर्णांक चार.
या आजारात नुसता ताप धरत नाहीत, नियमच तसा आहे.
खिशाची गरज पडली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी शंभरात एक्केचाळीस.
तक्त्यात दोन रकाने शेजारी शेजारी.
प्रतिसाद: नाही.
सोसलं: हो.
"एक्केचाळीस," तो म्हणाला, "एक प्रत वर,"
आणि टोपी कानांवर ओढून सेलकर्कला घरी गेला.
मार्चात बर्फ कडेकडेनं काळं पडायला लागलं तेव्हा
त्याच्या बहिणीचा फोन आला.

त्याच्या आठ नळ्या तळघरात उणे ऐंशीत आहेत.
त्यानं विचारलं होतं कुठे ठेवता, मी सांगितलं,
तर म्हणाला, "बाहेर खिडकीतच ठेवा की, वीज वाचेल."

चौथी पायरी उघडली.
केंद्राच्या नखांना निळा रंग होता, अर्धा खरवडलेला.
तपकिरी खोळ तीच, आतलं जास्त.
शून्य मिनिटाची नळी भरली.
"माझ्याआधी ज्यांनी घेतलं," ती म्हणाली,
"त्यांना कसं गेलं?"

मी घड्याळाकडे बघितलं.
पाच मिनिटं व्हायला अजून चार होती.